एका बेसचे दोन आवाज : बोटांचा आणि थापेचा

१५ जून २०२४, शनिवार

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. गणेशोत्सवात आमच्या सोसायटीच्या मंडपात दीड तासाचा कार्यक्रम आहे. कीबोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन गायक आणि बेस गिटारवर मी. अकरा गाण्यांपैकी नऊ गाण्यांत बोटांनी वाजवायचं आहे, म्हणजे गोल, भरीव, गाण्याच्या पोटात बसणारा आवाज हवा. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारेवर थाप मारून वाजवणं, दोनच ठिकाणी. एक मध्यंतरानंतरची वाद्यांची जुगलबंदी आणि दुसरा एका गाण्यात दोन कडव्यांच्या मधे येणारा सोळा मात्रांचा तुकडा. हा तुकडा सगळ्यांत अवघड. बोटांवरून अंगठ्यावर जायला आणि तिथून परत यायला एकही मात्रा मोकळी नाही. नॉब फिरवायला वेळ नाही, पायाखाली पेडलची रांग नाही. एकच बेस, एकच सेटिंग, आणि त्यातून दोन्ही आवाज चांगले यायला हवेत.

माझा बेस चार तारांचा (जाडीपासून बारीकपर्यंत ई, ए, डी, जी), जॅझ बेस या मॉडेलच्या घाटाचा. दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेचं कंपन टिपणारी, एकेरी गुंडाळीची चुंबकं), दोन व्हॉल्यूम, एक टोन. बॅटरी नाही. फिंगरबोर्ड शिसवी. तारा ४५ ते १०५ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत), निकेलच्या, राउंडवाउंड (गोल वेटोळ्याच्या), तीन महिने जुन्या.

आज काहीही न बदलता दोन्ही प्रकार रेकॉर्ड करून ठेवले. बोटांचा आवाज मऊ आहे, पण कोणता सूर वाजतोय ते नीट कळत नाही. स्लॅप पत्र्यावर काहीतरी पडल्यासारखा, आणि बोटांपेक्षा कितीतरी मोठा. सुरुवात इथून.

१६ जून

दिवसभर मोजमाप. नॉबला हात लावायच्या आधी तारा फ्रेटपासून (नेकवरच्या, म्हणजे दांडीवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) किती उंच आहेत ते बघायचं ठरवलं होतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून फीलर गेज मागून आणला. टॅपेट सेट करायला वापरतात तोच, त्याच्या पात्यांवर मिलिमीटर लिहिलेले असतात.

पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, शेवटचा फ्रेट बोटाने दाबला आणि आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात पातं सरकवून बघितलं. ०.६ मिलिमीटर. म्हणजे नेक पुढे बरीच वाकलेली. बाराव्या फ्रेटवर ई तार ३.२ मिलिमीटर उंच, जी तार २.६. एवढ्या उंचीवर अंगठा मारला की तार फ्रेटपर्यंत पोचायलाच जोर लागतो, आणि जोर लावला की सगळंच कर्कश होतं. स्लॅपचा पत्र्यासारखा आवाज हाताचा दोष आहे असं मी दोन वर्षं धरून चालले होते. त्यातला अर्धा दोष या ३.२ मध्ये होता.

तारा थोड्या ढिल्या केल्या आणि ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा वाक कमी-जास्त करणारी सळई) पाव फेरा घट्ट केला. मग पुन्हा सुरात लावून रात्रभर तसाच ठेवला. लाकूड लगेच बसत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो. एका दमात पूर्ण फेरा कधीच देऊ नये.

१८ जून

आज ०.४. आणखी अर्धा पाव फेरा. संध्याकाळी ०.३. मग ब्रिजवरचे (घोडीवरचे) सॅडल, म्हणजे तारांचे टेकू, खाली घेतले : ई १.८, जी १.५.

स्लॅपला स्वर्ग. अंगठा नुसता टेकवला तरी टणक आवाज येतो. पण बोटांनी वाजवायला घेतलं आणि पाचव्या फ्रेटच्या पुढे प्रत्येक सुराला खरखर. सूर उमलायच्या आतच मरतो, आस राहतच नाही. आपण फार खाली आलो.

१९ जून

सकाळी आई रियाजाला बसली होती आणि तंबोरा लागत नव्हता. तिचा तंबोरा मिरजेचा आहे, तिच्या गुरूंच्या घरून आलेला. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तिने पेढे आणले होते. ती म्हणाली, "दोरा जरा सरकव गं, जवारी बसली आहे."

मी घोडीवर तारेखालचा सुती दोरा नखाने पुढे ढकलला. एका जागी आवाज कोरडा, ठक्क. केसभर पुढे नेला तर नुसती खरखर. त्या दोन्हींच्या मधे एक जागा आली आणि तार एकदम उघडली. वरचे सूर फुलले, खर्जातून गांधार ऐकू यायला लागला. "बास, तिथेच ठेव," आई म्हणाली.

तारेने पृष्ठभागाला शिवायचं की नाही, हा प्रश्नच नाही. शिवायचंच आहे. किती आणि कधी, एवढंच ठरवायचं. तंबोऱ्यात तार घोडीच्या सपाट पाठीला सतत हलकी घासत राहते. स्लॅपमध्ये ती फ्रेटवर एकदाच आपटते आणि लगेच सुटते. बोटांनी वाजवताना ती शिवायलाच नको, पण जोरात छेडली तर किंचित शिवावी. म्हणजे मला अशी उंची हवी की हलक्या हाताला तार स्वच्छ राहील आणि जड हाताला बोलेल.

दुपारपासून संध्याकाळपर्यंत हेच केलं. सॅडल पाव पाव फेरा वर, चार सूर बोटांनी, चार थापा, पुन्हा पाव फेरा. शेवटी ई २.२ आणि जी १.८ वर थांबले. बोटांनी बेताने वाजवलं तर सगळीकडे स्वच्छ. अंगठ्याने बेताने मारलं तर झणकार. जी तारेखाली पॉपसाठी (तार ओढून सोडण्यासाठी) बोटाचं टोक शिरेल एवढी फट आहे.

उंची बदलली की सूर सरकतात, म्हणून बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला नुसतं शिवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळवून सॅडल मागेपुढे केले. ई आणि ए थोड्या मागे घ्याव्या लागल्या.

२३ जून

पिकअपची उंची. शेवटचा फ्रेट दाबून ई तारेखाली २.८ मिलिमीटर, जी खाली २. आधी यापेक्षा वर होते. पॉप करताना तार पिकअपवर आपटून जो ठक्क असा वेगळाच आवाज यायचा, तो गेला.

२९ जून

आजचा दिवस फक्त उजव्या हाताच्या बोटांचा.

नॉब सगळे पूर्ण उघडे. चार मात्रांची एकच ओळ, तीन जागी. नेक जिथे संपते तिथे, दोन पिकअपच्या मधे, आणि ब्रिजजवळच्या पिकअपवर. तीनदा रेकॉर्ड करून लागोपाठ ऐकलं. नेकजवळ आवाज गोल आणि रुंद, पण वेगवान ओळीत सूर एकमेकांवर सांडतात. ब्रिजजवळ तार ताठ लागते, आवाज नाकातला, प्रत्येक सूर सुटा. अमेरिकन बेसवादक जाको पास्टोरियसची बोलणारी ओळ याच जागेतून येते. ब्रिजचा पिकअप आणि त्याच्यावरच हात. आमच्या गाण्यांना मधली जागा. हळू चालीच्या दोन गाण्यांत हात नेककडे सरकवायचा, नॉब नाही. टोन बदलायचं सगळ्यांत जलद साधन म्हणजे हात पाच सेंटिमीटर इकडेतिकडे करणं.

मग रेकॉर्डिंगची लहर पडद्यावर मोठी करून बघितली. एक मोठी, एक लहान, एक मोठी, एक लहान, अगदी करवतीसारखी. तर्जनी जोरात, मधलं बोट अशक्त आणि थोडं उशिरा. कानाला हे इतकं स्पष्ट कळलं नव्हतं, फक्त ओळ लंगडते असं वाटायचं. मनगट थोडं वळवलं, म्हणजे दोन्ही बोटांची टोकं तारेला एकाच वेळी टेकतील. मधलं बोट लांब आहे, ते जरा जास्त दुमडायचं. ए तार छेडली की बोट पुढे ई तारेवर जाऊन विसावलं पाहिजे. हवेत उडालं की आवाज पोकळ होतो. ई वर विसावलेलं बोट ती तार बंदही ठेवतं, ते वेगळंच कामाला येतं.

मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांवर बेसवादक जेम्स जेमरसन फक्त तर्जनीने वाजवायचा. १९६२ सालचा प्रिसिजन बेस, उंच लावलेल्या फ्लॅटवाउंड (सपाट वेटोळ्याच्या) तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोम. तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. एकाच बोटाने वाजवल्यावर सूर समान येणारच. दोन बोटांनी तो समानपणा कमवावा लागतो. रोज पंधरा मिनिटं, मेट्रोनोम ६० वर, एकाच तारेवर, डोळे मिटून. कोणतं बोट वाजलं ते ओळखू आलं की पुन्हा पहिल्यापासून.

६ जुलै

आठवडाभर एक गोष्ट छळत होती. मोकळी ए तार छेडली की खोली घुमते, शेजारच्या काकू भिंतीवर टकटक करतात. ई आणि डी मात्र ठीक. बेसमध्ये दोष असेल म्हणून नट तपासला, सॅडल तपासले, तार बदलली. काही नाही.

आज हेडफोनवर ऐकलं तर ए बाकीच्या तारांएवढीच. म्हणजे बेस निर्दोष आहे, खोली बोलते आहे. टेपने खोली मोजली. लांबी ३.१५ मीटर. ध्वनी सेकंदाला साधारण ३४८ मीटर जातो. दोन समोरासमोरच्या भिंतींमधे ज्या सुराची अर्धी लाट बसते, तो सूर खोलीत फुगतो. ३४८ ला ६.३ ने भागलं की ५५ येतात. ए तार ५५ हर्ट्झ. बरोब्बर तोच सूर.

अँप कोपऱ्यात होता, तिथे सगळा खर्ज आणखी साचतो. तो बाहेर काढून भिंतीपासून लांब, मीटरभर पुढे, खुर्चीवर ठेवला. घुमणं अर्ध्याहून कमी झालं. यापुढे टोन ठरवायचा तो हेडफोनवर, खोलीत नाही. या खोलीत ऐकून मी गेलं वर्षभर बेसचा नॉब कमी करत होते, आणि बाहेर वाजवलं की आवाज किडकिडीत व्हायचा. त्याचं कारण आज सापडलं.

१३ जुलै

पहिली एकत्र तालीम. हा दिवस सविस्तर लिहायला हवा.

स्लॅप सुरू केला आणि ढोलकीवाले काका थांबले. साठीचे आहेत, उभं आयुष्य फडावर आणि मग ऑर्केस्ट्रात वाजवलेलं. म्हणाले, "अगं, थाप मारून हात तिथेच ठेवतेस तू. मग नाद निघणार कुठून? तो तुझ्या हाताखाली मेला."

मी म्हटलं, "काका, अंगठा उचलते की."

"उचलतेस, पण उशिरा. हे बघ." त्यांनी ढोलकीवर आधी बोट आपटून दाबून धरलं : मुका ठोका. मग तेच बोट, तीच ताकद, पण स्पर्श झाला आणि निघालं : सूर. "हा खुला, हा बंद. तुझे सगळेच बंद वाजतायत. आणि जिथे बंद हवा तिथे खुला राहतोय."

अंगठ्याचं हाड नेकच्या शेवटच्या फ्रेटवर तारेला लागतं, तार फ्रेटवर आपटते, आणि त्या आपटण्यानेच अंगठा मागे उसळायला हवा. तो उसळी घेत नव्हता, कारण मी कोपरापासून हात हाणत होते. हालचाल कोपराची नाही. कुलपात किल्ली फिरवताना हात जसा वळतो तशी ती आहे, मनगट ताठ नाही, अंगठा तारेला जवळजवळ समांतर. मारायचं नाही, सोडायचं.

काकांनी मग मला ती ओळ तोंडाने म्हणायला लावली. अंगठ्याच्या खुल्या सुराला धा, पॉपला ना, आणि मधल्या मुक्या ठोक्यांना ते. धा ते ना ते, धा धा ना ते. दहा मिनिटं बेसला हात लावू दिला नाही. नुसतं म्हणायचं आणि मांडीवर टाळी. मग वाजवायला सांगितलं आणि ओळ एकदम बसली. मुके ठोके म्हणजे रिकामी जागा नव्हे, ते बंद बोल आहेत, त्यांना खुल्याइतकाच मान. ते डाव्या हाताने घडतात. बोटं तारेवर टेकलेली, दाबलेली नाहीत, आणि एका बोटाने कधीच नाही, हार्मोनिक वाजतो. दोन-तीन बोटं सपाट.

बेसवादक लॅरी ग्रॅहमने स्लॅपची ही पद्धत अमेरिकेत ओकलंडकडे आईबरोबर वाजवताना शोधली. आई पियानोवर गायची, ड्रम वाजवणारा नव्हता. म्हणून बास ड्रमच्या जागी अंगठ्याची थाप आणि स्नेअर ड्रमच्या जागी तार ओढून सोडणं. हे मी कितीदा वाचलं होतं. पण स्लॅप हे आधी तालवाद्य आहे, हे मला पुण्यात ढोलकीवाल्यांनी वाजवून दाखवलं.

२५ जुलै

तालीम रद्द. रात्रभर पाऊस, सिंहगड रोडच्या बाजूला घरांत पाणी शिरलं आहे. ऑक्टोपॅडवाला मुलगा तिथेच राहतो, त्याच्याकडे सामान वर चढवायला गेलो. आज नोंद एवढीच.

२८ जुलै

हवेत ओलावा. नेक पुन्हा ०.४ वर आली, ट्रस रॉड थोडासा घट्ट करून ०.३ ला आणली. पावसाळ्यात दर पंधरवड्याला मोजायचं. तारांवर घाम राहिला तर दोन दिवसांत तांबूस डाग. वाजवून झाल्यावर सुती कापडाने वरून आणि खालूनही पुसायच्या.

४ ऑगस्ट

नॉबचा दिवस. उंची, बोटं आणि अंगठा जाग्यावर आल्यानंतरच, मुद्दाम.

दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवले की मधले सूर काही प्रमाणात एकमेकांना खातात. खर्ज आणि वरची चकाकी उरते. स्लॅपला हाच आवाज हवा असतो. शिवाय या दोन पिकअपची गुंडाळी आणि चुंबकं एकमेकांच्या उलटी असतात, त्यामुळे दोन्ही समान उघडे असतील तर वायरिंगची गुणगुण नाहीशी होते. बोटांसाठी मात्र मधले सूर हवेत. ब्रिजचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की ते परत येतात, पण त्याबरोबर गुणगुणही येते. आमच्या हॉलचं अर्थिंग बरं नाही, तिथे ती चांगलीच ऐकू येते. तारांना हात लागला की कमी होते.

मग तडजोड अशी : ब्रिजचा नॉब किंचित, सुईभर खाली. टोन तीन चतुर्थांश उघडा. बोटांना हवा तो मध्यम आवाज पिकअपकडून न मागता हाताच्या जागेतून काढायचा. हा निर्णय माझ्या मते सगळ्या प्रकल्पातला सगळ्यांत उपयोगी ठरला.

केबल सहा मीटरची होती, तीन मीटरची लावली. वरची चकाकी लगेच वाढली. बॅटरी नसलेल्या बेसला लांब केबल उंच सूर खाते.

१० ऑगस्ट

आवाजाची पातळी. स्लॅपचा सर्वांत उंच ठोका बोटांच्या ठोक्यापेक्षा ९ डेसिबल वर. मिक्सरवर बसणारा माणूस अशा वेळी पूर्ण चॅनेलच खाली ओढतो, आणि मग पुढचं कडवं बेसशिवाय.

कंप्रेसर (मोठे आवाज आपोआप दाबणारं यंत्र) लावून बघितला. दाबण्याचं प्रमाण ४:१, अ‍ॅटॅक ५ मिलिसेकंद, म्हणजे तेवढ्या वेळात दाब बसतो. ठोकाच चेपला गेला, थापेचा प्राण गेला. अ‍ॅटॅक ३० मिलिसेकंद केला तेव्हा ठोका पुढे निघून जातो आणि मागचा सूर आवळला जातो. दाब दाखवणारा काटा ४ ते ५ डेसिबलवर थांबेल एवढंच. त्याहून जास्त आवळलं की सगळे सूर एकाच उंचीचे, सपाट.

पण खरा फरक हातानेच कमी करायचा आहे. पॉप करताना बोट तारेखाली खोल घालायची सवय होती, त्याने तार वर ओढली जाऊन सूरही चढा लागत होता. आता फक्त टोकाचं मांस, तारेच्या कडेला. महिनाअखेर फरक ३ डेसिबलवर आणायचा.

१७ ऑगस्ट

कीबोर्डवाली मैत्रीण म्हणाली, "मी तुझं रेकॉर्डिंग फोनवर ऐकलं, बेस ऐकूच येत नाही."

फोनच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडणं शक्यच नाही. तिथे कान मूळ सूर ऐकत नाही, त्याच्या दुप्पट-तिप्पट-चौपट सुरांवरून तो मनात जुळवतो. म्हणून ७०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास थोडी वाढ दिली. फोनवर ओळ कळायला लागली, आणि मंडपात ढोलकीच्या घुमणाऱ्या बाजूपासून बेस वेगळाही काढता येईल. खर्ज वाढवून ते कधीच झालं नसतं, तिथे ढोलकी आधीच बसलेली आहे.

३१ ऑगस्ट

नव्या तारा. कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी मुद्दाम, कारण पहिल्या दिवशी त्या इतक्या चकाकतात की बोटांच्या प्रत्येक सरकण्याची किरकिर ऐकू येते. आठवडाभर वाजवल्यावर स्लॅपला पुरेशी चमक उरते आणि किरकिर जाते. स्लॅप आणि बोटांमधला फरक आज ४ डेसिबल.

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

कार्यक्रम झाला. स्पीकर दहाला बंद करायचे होते, पावणेदहाला संपवलं.

साउंडवाल्याने बेसची केबल थेट मिक्सरच्या लाइनमध्ये लावायला घेतली होती. त्याला डीआय बॉक्स (बेसचा नाजूक सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) मागितला. तो दिला नसता तर सगळी चकाकी तिथेच गेली असती. तपासणीत मी त्याला आधी सर्वांत जोरकस पॉप ऐकवला आणि त्यावर गेन ठरवू दिला, मग बोटांची ओळ. चॅनेलला त्याने नंतर हात लावला नाही.

सोळा मात्रांचा तुकडा. कडव्याच्या शेवटच्या मात्रेला तर्जनी ई तारेवर विसावली, तिथूनच मनगट वळलं. काकांनी माझ्याकडे न बघता पहिला धा दिला आणि अंगठा त्याच्याबरोबर पडला. रेकॉर्डिंगमध्ये लहर मोठी करून बघितली, दोन ठोक्यांच्या सुरुवातीत १२ मिलिसेकंदांचं अंतर आहे. कानाला एकच थाप ऐकू येते. आठव्या मात्रेवरचा एक पॉप जरा उंच गेला आहे. परतीची बोटांची ओळ पहिल्या सुरापासून भरीव आहे.

१६ सप्टेंबर

तारा पुसून ठेवल्या. नेक ०.३५. ब्रिजच्या नॉबपाशी आणि टोनपाशी पांढऱ्या टेपचे तुकडे चिकटवून पेनाने रेघ मारली आहे. काकांकडे रविवारी सकाळी जायचं आहे, ते दादऱ्याचे बोल सांगणार आहेत. अंगठा आणि पॉप सहा मात्रांत कसे वाटायचे ते अजून जमलेलं नाही.